गाजर नावाचं पिस्तूल

मित्रांनो, आधी घाबरणं थांबवा पाहू! मी एक जुनं पिस्तूल आहे खरं, पण माझ्यातून कधीच गोळी सुटलेली नाही. धावण्याची शर्यत सुरू करताना जे हवेत वाजवतात ना, ते मी. मला घडवणाऱ्या कारागिराने माझी नळी पुढून पक्की बुजवून टाकली. मोठा ‘ठो’ आवाज आणि पांढऱ्या धुराचा लोट, एवढंच माझं काम.

माझे मालक शर्यती सुरू करून देत. माझ्या आवाजावरून मुलं त्यांना ठो-काका म्हणत. त्यांनी मला स्वतःच्या पैशांनी घेतलं होतं आणि बनियनच्या तुकड्याने पुसून पुसून ते मला चकचकीत ठेवत. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला घड्याळ धरून उभी असलेली माणसं माझा आवाज ऐकून नव्हे, तर धूर बघून घड्याळ सुरू करत. कारण आवाज धुराच्या मागून रमतगमत पोचतो. त्यामुळे सगळे डोळे माझ्यावर खिळलेले असत. मी अगदी फुशारून जाई.

मग ते बेकरीचं प्रकरण झालं. घरी जाताना काका पाव घ्यायला थांबले. सुटे पैसे शोधता शोधता त्यांनी मला खिशातून काढून काउंटरवर ठेवलं. बेकरीवाल्यांनी पिठाने माखलेले दोन्ही हात वर केले.

"सगळं घेऊन जा," ते कसेबसे म्हणाले.

"अहो, सगळं कशाला? चारच पाव द्या," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव हसलं. बेकरीवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी क्रीडा मंडळाकडे तक्रार केली आणि बैठक बसली. काकांनी मला घरी ठेवायचं की कायमचं जमा करायचं, यावर चहाबरोबर वाद रंगला.

"शिट्टीवर भागवू की," कुणीतरी सुचवलं.

"शिट्टी? ती ऐकून पोरं धावतील की थांबतील?" काका उसळले. "माझी वस्तू आहे, परवाना आहे. आजवर कुणाला साधं खरचटलंय का? मग मी का सोडू?"

"तुम्ही भले आहात हो," बेकरीवाले म्हणाले, "पण ते माझ्याकडे तोंड करून पडलं होतं. तुमचा परवाना मला काउंटरमागून कसा दिसणार?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात किणकिण ऐकू आली. बेकरीवाल्यांच्या हातात कप बशीवर वाजत होता. माझ्या ‘ठो’पेक्षाही तो आवाज मला मोठा वाटला. काकांनाही वाटला असावा. ते खाली बसले.

"मालकी माझीच," ते हळूच म्हणाले, "पण राहील ते मंडळाच्या कपाटात, कुलपात. आणि किल्ली यांच्याकडे."

"माझ्याकडे? अहो, मला ते बघवतसुद्धा नाही!"

"म्हणूनच तर!"

"आणि आधी त्याला रंग द्या," प्रशिक्षक ताई म्हणाल्या. "लांबूनही ओळखू आलं पाहिजे."

झालं! माझा काळाभोर रुबाब गेला आणि मी भडक केशरी झालो. "हे पिस्तूल आहे की गाजर?" मुलं खिदळली. मी बरेच दिवस रुसून बसलो.

पुढच्या शर्यतीच्या दिवशी बेकरीवाल्यांनी स्वतः कुलूप उघडलं. ताईंनी त्यांच्या हातात घड्याळ दिलं. "धूर दिसला की दाबायचं. डोळे मिटायचे नाहीत हं!"

ते पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले. काकांनी मला उंच धरलं. बेकरीवाल्यांनी आधी डोळे बारीक केले, मग चांगले टक्क उघडले. ठो! त्यांचा अंगठा खाली गेला.

"दाबलं! बरोबर दाबलं!" ते ओरडले, आणि त्या आनंदात शर्यत संपल्यावर घड्याळ थांबवायलाच विसरले.

मित्रांनो, माझी नळी बंद आहे हे मला ठाऊक होतं. समोरच्याला कसं ठाऊक असणार? म्हणून माझ्यासारखं काही कुठे दिसलं, तर खरं की खोटं हे तपासत बसू नका. हात न लावता मोठ्यांना बोलवा, आणि त्यांना कुलूप लावायला सांगा. कपाटात पडून राहायला मला मुळीच कमीपणा वाटत नाही. आणि हो, खुशाल गाजर म्हणा मला. आता मी त्या नावालाच ओ देतो.