खुरपणी काढायची नाही

आमचा कापणीचा नाच इतका संथ कधी झाला, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. कळलं ते गेल्या वर्षी, भर कार्यक्रमात, आमच्यावर पडदा पडला तेव्हा. आम्ही अजून पिकातच होतो. कंबर वाकलेली, मूठ विळा धरल्यासारखी, आणि समोरून पडदा सरकन बंद! पलीकडे लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आमच्यासाठी होत्या की पडद्यासाठी, देव जाणे.

या वर्षी संयोजक स्वतः दुकानात आले. आमचं शिवणकामाचं दुकान आहे. पुढे मी मशीनवर, खिडकीशी सासूबाई काज-बटणं करत, आणि मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलापाशी सासरे. संध्याकाळी तेच टेबल भिंतीला लावलं की तिथे नाचाची तालीम. नाचात ओळीच्या पुढे सासूबाई, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे गल्लीतल्या बायका, आणि ढोल सासऱ्यांचा. संयोजकांना आम्ही घड्याळराव म्हणतो. हा माणूस बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, आपल्या मनगटाकडे बघतो.

"दहा मिनिटं," घड्याळराव म्हणाले. "अकरावं लागलं, तर पुढच्या वर्षीपासून तुम्हाला बोलावणं नाही. त्या जागी एक जादूगार तयारच आहे."

"अहो, पाच कडवी आहेत," मी म्हणाले. "नांगरणी, पेरणी, खुरपणी, कापणी, मळणी. शेतात जे जे व्हायचं, तेच नाचात आलंय."

"मग एक कमी करा. खुरपणी काढून टाका. कुणाच्या लक्षात येणार आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तण काय तुम्ही येऊन उपटणार?"

सासूबाई सुई न थांबवता म्हणाल्या, "खुरपणी काढायची नाही." विषय संपला. घड्याळराव मनगटाकडे बघत पायऱ्या उतरले.

म्हणजे एकच वाट उरली, नाच पळवायचा. खरं तर तो पळणाराच नाच आहे. ऊन चढायच्या आत पिकाची ओळ कापून संपवायची, आणि जी मागे पडेल तिची सगळ्यांनी मिळून टर उडवायची, त्या घाईतूनच तो जन्मला. आता मात्र आम्ही नाचता नाचता संध्याकाळची भाजी ठरवतो. मध्यंतरी लोकनृत्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, ही लय इतकी धीमी का? सासऱ्यांनी चेहरा गंभीर करून ठोकून दिलं, "हत्ती पिकातून चालला, तर काही मोडू नये म्हणून कसा जपून पाय टाकेल? तशी." बाईंनी डोळे मिटून मान डोलावली आणि सगळं उतरवून घेतलं. आम्ही शिलाईच्या कपड्यांत तोंडं खुपसून हसत होतो.

पण माझ्यासाठी ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. वर्षभर दुसऱ्यांची मापं घ्यायची, दुसऱ्यांच्या बाह्या लावायच्या, नि पायडल मारून मारून पोटऱ्यांचं लाकूड करायचं. त्या मंचावर उभी राहते तेवढाच वेळ मी कुणाची काही लागत नाही. ते हातचं घालवायला मी तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीच्या टेबलाशी गेले. "बाबा, ढोलाची लय वाढवा."

सासऱ्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि दाराकडे पाहिलं. "हळू बोल. तुझ्या सासूचे गुडघे गेलेत. बघत नाहीस, कशी लंगडते? ढोल वाढवला तर पडेल बिचारी. तिला कळू न देता मी थोडा थोडा कमी करत आणलाय. कुठे बोललीस तर माझी शपथ आहे."

मला भरूनच आलं. म्हटलं, नवरा असावा तर असा! आमच्या ह्यांना मी पाय मोडून घेतला तरी जेवायला बसल्यावर कळेल.

मग खिडकीशी गेले. "आई, गुडघे फार दुखतात का हो?"

"कुणाचे? माझे?" सासूबाईंनी मागच्या खोलीकडे एक नजर टाकली, मांडीवरचा सदरा बाजूला ठेवला, खाली उकिडव्या बसल्या आणि हात न टेकता उठल्या. "माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? खांदा गेलाय तो यांचा. इस्त्री डाव्या हाताने करतात, दिसलं नाही तुला? पण तोंडाने कबूल करतील तर ना! म्हणून मी लंगडते. तेवढंच त्यांना ढोल हळू वाजवायला निमित्त. आणि हे बघ, बोललीस कुठे तर माझी शपथ आहे."

झालं! दोन शपथा आणि मधल्यामध्ये मी. आधी कोण हळू झालं, ते त्या दोघांनाच ठाऊक. एकमेकांना जपता जपता दोघं मिळून नाचाचा जीव घ्यायला निघाले होते.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी तालमीत ढोल असा काही रेंगाळला, की माझा तोल सुटला.

"पुरे झालं! आईंचे गुडघे ठणठणीत आहेत, आणि बाबांचा खांदा गेलाय! आता तरी सरळ काय ते ठरवा, नाहीतर बोलवा त्या जादूगाराला!"

सगळी ओळ वाकलेली होती तशीच थिजली.

"तू लंगडत नाहीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुमचा खांदा दुखत नाही?" सासूबाई म्हणाल्या.

"मुळीच नाही."

"मग करा बघू उजवा हात वर."

हात कानापर्यंतसुद्धा गेला नाही. सासऱ्यांनी ढोल गळ्यातून काढला, कोपऱ्यात ठेवला. "दुसरा ढोलवाला बघा," एवढंच म्हणाले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. मला माझीच जीभ हासडून टाकावीशी वाटली. नाच वाचवायला गेले आणि ढोलच घालवून बसले.

कार्यक्रमाच्या दिवशी मंचामागे जाऊन पाहते, तर सासरे आधीच येऊन ढोलाचे दोर आवळत होते. "दुसऱ्या कुणाला खुरपणी वाजवता येत नाही," माझ्याकडे न बघता म्हणाले. मी जीभ दाताखाली धरून पदर खोचला. तेवढी अक्कल आली होती.

बाहेर त्याच अभ्यासक बाई निवेदन करत होत्या. "आता पाहू या एक संथ, ध्यानमग्न नृत्य. हत्तीच्या चालीची ही लय…" आणि सासऱ्यांनी ढोलावर टिपरू हाणलं. बाई दचकून दोन पावलं मागे सरकल्या.

काय तो ढोल! नांगरणी धावली, पेरणी तर कधी झाली तेच कळलं नाही. खुरपणी लागली आणि उजव्या हाताचा ठोका ढिला पडू लागला. सासऱ्यांचे ओठ घट्ट दाबलेले, कपाळावर घाम, टिपरू दर वेळी आधीपेक्षा कमी वर जाई. समोर पहिल्या रांगेत घड्याळराव मनगट डोळ्यांपुढे धरून बसले होते.

आमच्यात ओळीच्या पुढची बाई हातात रुमाल धरते. तो कुणी मागायचा नसतो. तिने आपणहून द्यायचा, तोही नाच चालू असताना. सासूबाई गर्रकन वळल्या, रुमाल माझ्या मुठीत कोंबला, "सांभाळ ओळ," म्हणाल्या आणि ताडताड ढोलाकडे निघाल्या. मला वाटलं, आता भर मंचावर नवऱ्याला खाली बसवणार.

सासूबाईंनी टिपरू काढून घेतलं. सासरे काहीतरी बोलायला गेले, ते ऐकूनच घेतलं नाही. त्यांच्या उजव्या अंगाला खेटून उभ्या राहिल्या आणि ढोलाच्या त्या तोंडावर दणदणीत ठोका टाकला. तो ढोल मूळचा सासूबाईंच्या वडिलांचा, हे मी विसरूनच गेले होते. डावीकडे सासऱ्यांचा पंजा, उजवीकडे सासूबाईंचं टिपरू, आणि ढोल जो सुटला!

माझा नाच वाचला, म्हणून मी आनंदाने एक उडी मारली. दुसरी मारताना धाप लागली. कापणीत बरगडीत कळ आली, मळणीत डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझंही वय झालंय, हे त्या संथ ढोलाने इतकी वर्षं मला कळूच दिलं नव्हतं. मी सासूबाईंकडे बघून डोळ्यांनी विनवलं, आई, जरा हळू! त्यांचं लक्षच नव्हतं. सासऱ्यांनी कानाशी काहीतरी म्हटलं आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की मी एक गिरकी चुकले.

मळणी संपली तेव्हा दहावं मिनिट अजून सरायचं होतं. घड्याळरावांनी मनगट खाली केलं आणि पहिल्यांदाच आमच्या तोंडांकडे बघून टाळ्या वाजवल्या. पडदा पडला. आम्ही सगळ्या होतो तिथेच मटकन बसलो.

ढोल मात्र थांबेना. दोघं आपल्याच नादात, खांद्याला खांदा लावून वाजवत होते. मी श्वास गोळा करून कशीबशी म्हणाले, "आई, बाबा, संपलं हो. लोक निघाले."

सासूबाईंनी मान वळवली नाही, ठोकाही चुकवला नाही. "तू बस गं, दम खा," त्या म्हणाल्या. "आमचं अजून व्हायचंय."