मशीनची कानउघाडणी

सासरे यंत्रांशी बोलायचे. आयुष्यभर वायरमनचं काम केलेला माणूस, पंखा करकरला की "काय रे, अंग दुखतंय का?" म्हणून विचारायचे, फ्रिज घुरघुरला की "पुरे!" म्हणून दटावायचे. एरवी सुनेला हसू आलं असतं, पण लेक दोन वर्षांची होऊनही एक शब्द बोलत नव्हती आणि हिच्या जिवाला घोर लागला होता.

"बाबा, त्यापेक्षा नातीशी बोला ना."

"अगं, ती ऐकतेच आहे की सगळं."

त्या दुपारी कपडे पिळताना वॉशिंग मशीन धडधडत जागेवरून सरकायला लागलं. सासरे गुडघे धरून उठेपर्यंत लेक दुडुदुडु पुढे गेली आणि मशीनला एक चापट देऊन ठसक्यात म्हणाली, "पुरे!"

सुनेच्या हातातला टॉवेल गळून पडला.

सासऱ्यांनी मशीनवर बोट रोखलं. "ऐकलंस? आता दोघांची बोलणी खायची."

मशीन मुकाट्याने थांबलं. तशी सून धावत आली आणि त्याच्या झाकणावर हात ठेवून काकुळतीने म्हणाली, "ए, थांबू नकोस ना! अजून एकदा धडधड."