दुपारची शिट्टी

सरोजिनीबाईंची सगळी नोकरी रबाळ्याच्या एका कारखान्यात वायरलेस संच तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच उरल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी गीतांजली खारघरला, म्हणजे जवळच. पण तिचं येणं सणासुदीपुरतं. फोनवर ती विचारायची, "आई, जेवलीस ना?" आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागायची.

दुपार काही केल्या सरेना, म्हणून बाईंनी माळ्यावरचं सुट्या भागांचं खोकं खाली काढलं. सिग्नल जनरेटर करायचं ठरवलं. कारखान्यात हे यंत्र रोज हाताखाली असायचं: त्यातून ठरावीक फ्रिक्वेन्सीची लहर सोडायची आणि समोरचा संच ती नीट पकडतो का ते बघायचं. स्वतःच्या हातानं मात्र त्यांनी ते कधी बांधलं नव्हतं. पाइपच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळून दोन कॉइल केल्या, जुन्या रेडिओतला फिरता कंडेन्सर लावला, ट्रान्झिस्टर जोडला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. एका कॉइलची टोकं उलटी लागली होती. ती बदलली आणि मीटरचा काटा हलला. लहर निघत होती, पण ती पकडणारं घरात काहीच नव्हतं. बाई रोज दुपारी यंत्र चालू करून त्याच्यासमोर बसायच्या. कुणाला सांगणार, आणि काय सांगणार?

एका शनिवारी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची उज्वला. जिन्यात भेटली तर हसायची, एवढीच ओळख.

"काकू, तुमच्याकडे दुपारी काही मशीन चालू असतं का? मामंजींच्या रेडिओत सारखी शिट्टी येते. सोसायटीत सगळ्यांना विचारून झालं."

बाईंचा चेहरा असा उजळला की उज्वलाच गोंधळली.

"खरंच येते? चल, मला ऐकायचीय."

यंत्र तसंच चालू ठेवून त्या खाली गेल्या. उज्वलाचे सासरे कोंडिबा उशाशी रेडिओ घेऊन कॉटवर पडले होते. जन्मभर वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी वाहिलेला माणूस. आता कंबरेनं दगा दिला होता. निवेदिकेच्या आवाजात एक बारीक, सरळ शिट्टी मिसळली होती. बाई दाराशीच थबकल्या. आपलं काम त्या पहिल्यांदाच कानांनी ऐकत होत्या.

"माझीच आहे ती," त्या म्हणाल्या. "माझी लहर तुमच्या स्टेशनच्या अगदी शेजारी जाऊन बसलीय, म्हणून. माफ करा, आजच बंदोबस्त करते."

"असू द्या वो बाई," कोंडिबा म्हणाले. "ही पोरगी उगं वर आली. समदी कामावर गेल्यावर घरात दुसरं काय वाजतंय? शिट्टी आली म्हंजी वर कुनीतरी हाय, येवढं तरी कळायचं."

बाई आत येऊन कॉटजवळच्या स्टुलावर टेकल्या.

तरीही लहर बाहेर पसरू नये म्हणून त्यांनी सर्किट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद केलं. दुसऱ्याच्या रेडिओत घुसायचं नाही, ही नोकरीतली शिस्त. शिट्टी गेली, आणि खाली जायचं निमित्तही. मग त्यांनी दुसरं काढलं. "आवाज क्षीण येतोय तुमचा, सुधारून देऊ?" डबा घेऊन त्या खाली गेल्या, त्यातली लहर एका वायरीनं रेडिओला देऊन प्लास्टिकच्या पेचकसानं आतले स्क्रू हळूहळू फिरवले. रेडिओ खणखणीत बोलू लागला. त्यानंतर बऱ्याच दुपारी चहा खालीच झाला. कोंडिबा बाजाराच्या गोष्टी सांगत, बाई ऐकत.

दिवाळीनंतर एकदा खाली गेल्या तर दाराला कुलूप. संध्याकाळी उज्वला जिन्यात भेटली.

"मामंजींना दीर गावाला घेऊन गेले, काकू. इथे जिना उतरवत नाही. तिकडे अंगणात तरी बसतील."

"काही बोलले का?"

उज्वलानं आठवून पाहिलं. "नाही हो, गडबडीत निघाले. रेडिओ तेवढा आठवणीनं घेतला."

बरेच दिवस बाईंनी टेबलाला हात लावला नाही. मग एका सकाळी त्या पुन्हा तार गुंडाळायला बसल्या. या वेळी रिसीव्हर. गॅलरीच्या कठड्यावरून लांब तार सोडली, कानाला इअरफोन लावला. आधी नुसती खरखर, सोसायटीचा पंप सुरू झाला की त्याची घरघर. कंडेन्सर केसभर फिरवत राहिल्या, तसा त्यातून एका बाईचा आवाज वर आला. ती किनारपट्टीच्या हवामानाचा अंदाज वाचत होती. सरोजिनीबाईंना समुद्रावर कुठंच जायचं नव्हतं. तरी इअरफोन बोटानं दाबून धरत त्या शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकत राहिल्या.