बाहेर बसलेलं मत

डॉक्टर सभागृहात बोलायला उभे राहिले की समोरच्या बाकांवरून कुणीतरी हमखास हंबरायचं. निवडून येण्यापूर्वी त्यांनी उभं आयुष्य गुरांच्या दवाखान्यात काढलं होतं, आणि ही थट्टा आता त्यांच्या अंगवळणी पडली होती. पण त्या दिवशी कुणी हंबरलं नाही. समुद्रापलीकडच्या देशात फौज पाठवायची की नाही यावर चर्चा होती, आणि सगळ्यांनी तोंडं कशी मयताला आल्यासारखी करून ठेवली होती.

तिकडे वर्षभर यादवी पेटली होती. शेजारी शेजाऱ्याचं घर जाळत होता. सरकार म्हणत होतं, आपण फौज घेऊन मध्ये पडू. डॉक्टरांचा पक्ष म्हणत होता, नको. डॉक्टरही मनापासून नकोच म्हणत होते. पण सकाळपासून दोन्हीकडची भाषणं ऐकून त्यांना वीट आला होता.

सरकारपक्षातला एक सिमेंटवाला तिकडच्या आयाबहिणींसाठी रडला. खरंच रडला, रुमाल काढून. आणि चहाच्या सुट्टीत हाच गृहस्थ उपाहारगृहात शेजारच्या टेबलावर विचारत होता, "तिकडचं बंदर तर पार गेलं ना? मग ते परत बांधायचं काम कुणाच्या खात्याकडे येईल?" डॉक्टरांचे स्वतःचे पक्षवाले तरी कुठे कमी होते! "मरू देत की आपसात," एकजण म्हणाला. "त्यांना सवयच आहे." त्यावर सगळे हसले. टेबलावर तिकडच्या एका इस्पितळाचा फोटो पडला होता. सकाळी तो सगळ्या सभासदांना वाटला होता. फरशीवर ओळीनं मुलं निजवलेली, आणि त्या फोटोवरच कुणीतरी चहाचा कप ठेवलेला. डॉक्टरांनी कप उचलला तर एका मुलाच्या तोंडाभोवती तपकिरी गोल उमटला होता. किडे पडलेल्या जखमा उघड्या हातांनी धुणारा हा माणूस, पण इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

त्याच तिरमिरीत ते बोलायला उभे राहिले.

"तुमच्यापैकी कितीजणांचं पोर फौजेत आहे?" त्यांनी विचारलं. "हात वर करा ना, लाजता कशाला?"

एकही हात वर झाला नाही. डॉक्टरांनी स्वतःचा केला.

"जनावर बाजाराला नेताना त्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, तुला जायचंय का. पण आपण माणसं पाठवतोय. आपलं लेकरू घरी ठेवून दुसऱ्याचं पाठवणं, याला आमच्याकडे शौर्य म्हणत नाहीत. ज्याची स्वतःचं द्यायची तयारी असेल त्यानंच हो म्हणावं!"

प्रेक्षकांच्या सज्जात टाळ्या वाजल्या. तिथे टाळ्यांना बंदी होती, तरी वाजल्या.

डॉक्टरांची लेक लष्करात सर्जन होती. बाप ढोरांचा आणि लेक माणसांची, ही त्यांच्या घरातली जुनी थट्टा. पहिल्या तुकडीबरोबर जे फिरतं इस्पितळ जाणार होतं, त्यात तिचं नाव होतं.

भाषणानंतर डॉक्टर हात धुवायला गेले, तेव्हा शेजारच्या नळावर मामा येऊन उभे राहिले. मामा सरकारपक्षाचे प्रतोद, म्हणजे पक्षाची मतं गोळा करून हाकून आणणारा माणूस. सगळं सभागृह त्यांना मामाच म्हणायचं.

"काय बोललात डॉक्टर! अंगावर काटा आला हो माझ्या."

"मत मिळणार नाही, मामा."

"मत कोण मागतंय? छे छे! तुम्ही काय त्यातले आहात? आमच्या पक्षाचे आबा इस्पितळात आहेत, हृदयाचं दुखणं. त्यांच्याशी जोडी लावा, एवढंच."

जोडी ही सभागृहातली जुनी पद्धत. एका बाजूचा सभासद आजारी पडला की दुसऱ्या बाजूच्या एकानं मतदानाला बाहेर बसायचं, म्हणजे दुखण्यामुळे पारडं झुकत नाही. सही नाही, कागद नाही, नुसता शब्द. त्या इमारतीत सभ्य म्हणावी अशी बहुधा एवढी एकच गोष्ट उरली होती.

मामांनी बोटं झटकली. "आणि हो, राजधानीच्या लष्करी इस्पितळात सर्जनची जागा रिकामी झालीय म्हणे. तुमच्या मुलीचं नाव माझ्या कानावर आलं. हुशार आहे पोरगी. हकनाक कशाला लांब पाठवायची?" डॉक्टर काही बोलायच्या आत ते आरशात पाहून केस सारखे करून निघूनही गेले.

डॉक्टरांनी बायकोला फोन लावला आणि जे घडलं ते सांगितलं.

"मला विचारूच नका," ती म्हणाली. "विचारलंत तर मी हो म्हणेन. आणि मग जन्मभर ऐकवाल, तुझ्यामुळे केलं म्हणून."

डॉक्टरांनी मामांना व्हरांड्यात गाठलं. "आबा आजारी आहेत म्हणून बसतोय हं बाहेर. तेवढ्याचसाठी."

"अर्थात!" मामा म्हणाले. "दुसरं काय असणार?"

मतदानाची घंटा सुरू झाली आणि उपाहारगृह रिकामं झालं. घंटा वाजत असेपर्यंत सभागृहाची दारं उघडी राहायची, थांबली की बंद. डॉक्टर खिडकीशी गार झालेला चहा घेऊन बसले. उपाहारगृह आणि सभागृह यांच्यामध्ये फक्त एक व्हरांडा होता.

खिडकीखाली एक गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून आबा उतरले. तोंडात सफरचंदाची फोड, कोट इस्त्रीचा, चेहरा कसा तुकतुकीत. पायऱ्या तरातरा चढून ते व्हरांड्यात आले. काचेतून त्यांची नजर डॉक्टरांवर पडली, तेव्हा त्यांनी हसून हात हलवला आणि सरळ सभागृहात शिरले.

म्हणजे जोडी खोटी होती. शब्द त्यांनी मोडला होता, डॉक्टर मोकळे झाले होते. घंटा अजून वाजत होती. उठून व्हरांडा ओलांडला की मत देता आलं असतं, आबांचं सोंग भर सभागृहात उघडं पाडता आलं असतं, आणि मामांना तोंड लपवायला जागा उरली नसती.

डॉक्टर अर्धवट उठले. मग त्यांना लेक दिसली, शाळेत असताना दवाखान्यात येऊन वासराच्या पायाला फळी बांधू लागणारी. मत दिलं तर मामा ती रिकामी जागा भरतील, दुसऱ्या कुणाच्या तरी पोरानं.

ते पुन्हा खाली बसले. घंटा थांबली. दारं लागल्याचा आवाज इथपर्यंत आला. सकाळपासून ज्याची किळस येत होती ते सगळं आता त्यांच्याच खुर्चीवर येऊन बसलं होतं, आणि नाकावर रुमाल धरून त्यापासून दूर जायची सोय नव्हती.

ठराव जेमतेम मंजूर झाला. पक्षातली माणसं बाहेर आली, ती डॉक्टरांवरच धावली. "होतात कुठे तुम्ही?"

"आबांशी जोडी होती."

"अरे देवा! फसवलं हो तुम्हाला!" सिमेंटवाल्यालाही लाजवेल अशा गहिवरानं एकानं त्यांचा हात धरला. "तुमच्यासारख्या सरळ माणसाचं इथे कामच नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरांनीही डोलावली. आपण ती सहानुभूती गपचूप खिशात घालतोय हे कळत असूनही डोलावली.

रात्री घरी जायला ते गाडीत बसत होते तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, काय तरी घोळ झालाय. माझं नाव वगळलंय. मला राजधानीत टाकलंय, मी मागितलं पण नव्हतं! मी वरपर्यंत भांडून आले, कुणी ऐकूनच घेत नाही."

"बरं," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या जागी माझ्या खोलीतली मैत्रीण चाललीय. तुम्हाला माहितीय ना ती, आपल्या घरी आली होती बाळाला घेऊन? आता सामान भरतेय. बाळाला तिच्या आईकडे ठेवणार म्हणते. बाबा, आम्ही सगळ्यांनी मिळून तुमचं भाषण बघितलं. ती रडलीच. म्हणाली, आमच्या बाजूनं बोलणारा एक तरी माणूस आहे तिथे. तिला तुमचे आभार मानायचेत. थांबा हं, देते तिला."

"अगं, नको," डॉक्टर म्हणाले, पण फोन तोवर दुसऱ्या हातात गेला होता.

"काका?" एक पोरगी म्हणाली.