उपसा

समुद्र गावात शिरून गेल्यावर भाची पहिल्यांदाच मावशीकडे आली होती. पणजोबांच्या काळापासून लोक इथं हवापालटाला येत. किनाऱ्यावर तेव्हाचे दिव्यांचे खांब होते, बँडवाल्यांचा लोखंडी मंडप होता. आता खांब कलले होते आणि मंडपाचं नुसतं जोतं उरलं होतं. दुकानांना मात्र ताजा रंग लागला होता, अन् त्या रंगाखालून मिठाचे पांढरे फुगवटे वर येत होते. भाचीचं बोट आपसूक त्यांवरून फिरलं. जमिनीखालचं पाणी तपासणं हे तिचं रोजचं काम.

पण तिला जास्त खटकला तो आवाज. गल्लीभर पंप धडधडत होते आणि पाणी नळ्यांतून सरळ गटारात जात होतं.

मावशीच्या अतिथिगृहाचं नाव झालं ते विहिरीमुळे. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि परसातलं पाणी गोडं. पाहुणे जाताना बाटल्या भरून नेत. लाटेनं विहीर खारी केली तेव्हा मावशीनं कंबर कसली. पाणी उपसायचं, नवं आलं की तेही उपसायचं. कधी ना कधी मीठ संपेलच, असा तिचा सरळ हिशेब. तिचं बघून शेजारचा हॉटेलवाला, समोरची शिंपीण, सगळेच उपशाला लागले. गेल्या आठवड्यात तिनं फोन केला होता, की पाणी गोडं झालंय, पुढच्या आठवड्यात पहिले पाहुणे येताहेत, तू फक्त पाणी तपासायचं यंत्र घेऊन ये आणि होकार दे.

चहा आला. भाचीनं घोट घेतला आणि तोंडातच धरला. मचूळ म्हणावं तर तेही कौतुकच झालं असतं. समोर काका औषध घ्यावं तसा एका दमात कप रिकामा करत होते. त्यांची पावलं टम्म सुजली होती, चपलेचे पट्टे मांसात रुतले होते. डॉक्टरांनी मीठ तोडलंय, भाजीत मी नावालाच घालते, तरी सूज हटत नाही, असं मावशी सांगत होती.

भाचीनं विहिरीच्या पाण्याचा खारेपणा मोजला. मग यंत्र घेऊन गल्लीच्या टोकाला गेली. तिथलं घर बंद होतं. मालक परतलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्या विहिरीला कुणी हात लावला नव्हता. तिथला खारेपणा मावशीच्या विहिरीच्या निम्माही भरला नाही.

परत येऊन तिनं सांगितलं, "मावशी, गोडं पाणी हलकं असतं. दुधावर साय धरावी तसं ते खाऱ्यावर तरंगतं. तू रोज साय काढून फेकतेयस. खालून समुद्रच वर येतोय."

"आणि माझी जीभ? आधी थुंकावं लागायचं. आता गोड लागतं."

"रोज चाखतेस ना, म्हणून."

"वा, शास्त्रीणबाई. यंत्र खरं आणि मावशी खोटी." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही सांगा हिला."

काका पावलांकडे बघत राहिले. "मला ते कधीच गोड लागलं नाही," ते म्हणाले. "सगळं गेलं होतं गं. एवढी विहीर तू परत आणत होतीस. कोणत्या तोंडानं सांगू?"

मावशीनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग भाचीच्या प्रवासातल्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून प्यायली, आणि त्यावर विहिरीचं. दुसरा घोट तिच्या घशाखाली उतरेना. ती उठली आणि परसात जाऊन तिनं पंप बंद केला.

धडधड थांबली नाही. शेजारचे पंप चालूच होते.

"खाली पाणी एकच ना सगळ्यांचं?"

"एकच."

मावशीनं दोन पेले भरले, एक बाटलीतल्या पाण्याचा, एक विहिरीच्या. "उद्याच्या पाहुण्यांना तुम्ही फोन करा," ती नवऱ्याला म्हणाली. "गोड बोलायला तुम्हाला छान जमतं. आणि तो कप ठेवा खाली."

दोन्ही हात भरलेले, म्हणून तिनं कोपरानं फाटक ढकललं आणि ती हॉटेलवाल्याकडे निघाली. त्याला उपसा शिकवला होता तो तिनंच. भाची परसात उभी राहून पलीकडचा पंप थांबायची वाट पाहत राहिली. बराच वेळ तो चालूच होता.