मानाचा पेटा

विठ्ठलरावांच्या म्हैसूरमधल्या घरात तीन पिढ्या शिवणकाम चालत आलं होतं, पण 'ग्राहक सर्वप्रथम' हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा वाचलं ते मोबाइलवर. दुसरा नंबर कोणाचा, हे तिथे लिहिलेलं नव्हतं.

ते म्हैसूर पेटे, म्हणजे तिकडच्या पगड्या, बांधत. रेशमी कापड, जरीची किनार आणि आतून असे टाके की नवरदेवाने नुसता टोपीसारखा डोक्यावर चढवावा. मुलगी वर्षिणी हेब्बाळला कंपनीत नोकरीला होती. तिने एका मोठ्या ॲपवर त्यांचं दुकान उघडून दिलं आणि नाव ठेवलं 'राजपेटा'. मागण्या हुबळीहून आल्या, पुण्याहून आल्या. हे बघून विठ्ठलरावांनी रस्त्यावरचा गाळा सोडला आणि घरच्या पडवीत मशीन मांडलं.

मग लग्नसराईच्या तोंडावर ॲपवाल्यांनी जाहीर केलं, की ग्राहकांच्या आनंदासाठी माल परत करायची मुदत आता दोन महिने.

"आणि आपल्या आनंदासाठी?" विठ्ठलरावांच्या पत्नी अंबूताईंनी विचारलं.

वर्षिणीने बोटाने स्क्रीन खालपर्यंत सरकवली. "आपल्याला 'प्रिय भागीदार' म्हटलंय, अम्मा."

लग्नं लागली आणि पेटे परत यायला लागले. एकाच्या घडीत अक्षता होत्या. दुसऱ्याला हळद, अत्तर आणि घाम यांचा असा वास, की अंबूताईंनी तो अंगणात वाळत घातला. परत करण्याचं कारण प्रत्येकाने सभ्यपणे लिहिलेलं असे: रंग आवडला नाही. लग्न होऊन, फोटो काढून, जेवून झाल्यावर रंग आवडेनासा झाला होता. येण्याजाण्याचं भाडं मात्र भागीदाराकडून कापलं जाई.

अशात एका सकाळी सरस्वतीपुरमच्या शकुंतलाबाई पत्रिका घेऊन आल्या. त्यांच्या मुलाचं, रक्षितचं लग्न होतं. शकुंतलाबाईंचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते. ही गोष्ट त्या कॉफी येईपर्यंत दाबून ठेवत आणि कॉफी आली की सांगत.

"पेटे लागले तर सांगा हो," अंबूताई म्हणाल्या. "घरचंच आहे."

"अय्यो, नको. रक्षितने ऑनलाइन मागवलेत. सगळ्या पुरुषमाणसांना. ब्रँडेड आहेत, राजपेटा म्हणून. तो म्हणाला, फोटोत लोकल काम लगेच कळतं."

अंबूताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. विठ्ठलराव कॉफीच्या पेल्यात बघत राहिले. त्यांना बोलायचं होतं, पण आपलं काम उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ब्रँडेड झालं होतं. तोंड उघडलं असतं तर ते लगेच पुन्हा लोकल झालं असतं.

लग्नाला ते धुतलेला सदरा घालून गेले. कल्याणमंटपात शिरताच त्यांना आपलेच पेटे दिसले, नवरदेवापासून सनईवाल्यांशेजारी डुलक्या घेणाऱ्या मामापर्यंत सगळ्यांच्या डोक्यांवर. त्यांना भरून आलं. थोड्या वेळाने लक्षात आलं, की सगळी वरपक्षाची मंडळी माना ताठ धरून बसलीत. जवळ जाऊन बघतात तो प्रत्येक पेट्याची किमतीची चिठ्ठी तशीच होती, कानामागे नीट खोचलेली. फौजेच्या वंशजांची ती ताठ मान पूर्वजांमुळे नव्हती, चिठ्ठी टोचत होती म्हणून होती.

तेवढ्यात शकुंतलाबाईंचे यजमान सयाजीराव यांनी त्यांना स्टेजवर बोलावलं. "आमचे जुने स्नेही," असं माइकवर सांगून त्यांनी एक पेटा उचलला आणि विठ्ठलरावांच्या डोक्यावर ठेवला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. शिंप्याच्या डोक्यावर मानाचा पेटा कधी चढत नाही, तो चढला. चिठ्ठी मानेला टोचत होती, तरी विठ्ठलराव हसले.

स्टेजवरून उतरून ते पंगतीकडे वळले, तर वाटेत शकुंतलाबाई हातात मोठी पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"द्या इकडे, विठ्ठलराव. उगाच सारू सांडेल त्याच्यावर."

"मानाचा ना हो हा?"

"मान झाला की."

पेटा पिशवीत गेला.

पुढच्या आठवड्यात दारात खोकं आलं. त्यात सगळे पेटे होते, मामाचा चुरगळलेलाही. कारण: दर्जा हलका.

वर्षिणीने तक्रार केली. 'प्रिय भागीदार, आम्ही तुमच्या भावना समजतो,' असं लगेच उत्तर आलं. इतकं लगेच, की समजायला कोणी माणूस बसलेला असेल असं वाटेना. माल ग्राहकाने वापरला, याचा पुरावा ॲपवाल्यांनी मागितला होता. पुरावा घरातच होता. सयाजीरावांनी लग्नाचा फोटो मोठ्या प्रेमाने पाठवला होता. त्यात मधोमध विठ्ठलराव पेटा घालून हसत होते आणि बाजूला नवरदेव, बाप, काका सगळे पेट्यांत. वर्षिणीने तो पाठवून दिला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ती वाचताना दोनदा थांबली.

"काय म्हणतात?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"फोटो तपासला म्हणतात. मधल्या माणसाचा चेहरा दुकानाच्या मालकाशी जुळतो. म्हणजे माल तुम्हीच वापरलात, अप्पा. वापरलेला माल विकल्याबद्दल दुकान महिनाभर बंद."

विठ्ठलराव चपला घालून थेट शकुंतलाबाईंच्या घरी गेले. कॉफी यायच्या आधीच त्यांनी सांगितलं, की राजपेटा म्हणजे मीच.

शकुंतलाबाईंना खरंच धक्का बसला.

"तुम्ही? मग आधी बोलायचं नाही का?"

"बोललो असतो तर परत केले नसते?"

"परत कशाला करतोय? तुमच्याकडून फुकटच आणले असते की. चार तास वापरून दिले असते. एवढं पॅक करा, चिठ्ठ्या सांभाळा, आम्हाला काय कमी त्रास झाला?" मग समजुतीने म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. आम्ही कंपनीला परत केलं, तुम्हाला नाही. आणि कंपनी दोन महिने सुम्मने, उगीच देते का? वापरा म्हणूनच देते."

विठ्ठलराव परत येताना फार संतापले होते. घराशी पोचेपर्यंत मात्र त्यांना पटलं, की बाई शेवटी जे बोलली त्यात खोटं काही नव्हतं. लोकांना पेटा नको होता, सकाळपुरतं डोकं सजवून हवं होतं. त्यांनी वर्षिणीला ॲपवरचं दुकान कायमचं बंद करायला सांगितलं आणि पडवीवर पाटी लावली: पेटे भाड्याने मिळतील.

पाटी बघून पहिले आले ते सयाजीराव. पुतण्याचा साखरपुडा होता, त्यांना एक पेटा हवा होता.

"अनामत म्हणून काहीतरी ठेवावं लागेल," विठ्ठलराव म्हणाले.

"ओळखीत अनामत?"

"मोबाइल ठेवा. पैसे नकोत."

सयाजीरावांनी आधी हसून बघितलं, मग अंबूताईंकडे बघितलं. त्या सुईत दोरा ओवत होत्या. शेवटी त्यांनी मोबाइल मशीनवर ठेवला आणि पेटा घेऊन गेले.

साखरपुडा अकराचा होता. साडेअकराला सयाजीराव घामाघूम होऊन दारात उभे होते, न जेवता, नजर मशीनवरच्या मोबाइलवर. पेट्याला सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती.