पिवळा पतंग

हेल्वेने बादलीचं झाकण उचललं आणि नाकात भपकारा घुसला. मेलेल्या उंदरासारखा, वर आंबूस. रात्री सापळ्याच्या दिव्यावर पतंगांबरोबर मढी खाणारे भुंगेरेही आले होते. त्यांनी पतंगांचं खिमट करून त्यात आपली घाण कालवली होती.

"शी! ताई, झाक ते," तिचा धाकटा भाऊ आयवो मागे सरकला. "सकाळचं खाल्लेलं वर येतंय."

"तू बॅटरी उचल. नाकाचं मी बघते."

ही दलदलीतली बादली. पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती काढणारी कंपनी इथे चर खणून सगळं पाणी सोडून देणार होती. कायद्याने राखलेला दलदलीचा पिवळा पतंग इथे सापडला, तरच ते थांबणार. आणि सापळ्याची ही शेवटची सकाळ. हेल्वे चिमट्याने पंख उलटत राहिली. भुंगेऱ्यांच्या अंगावरचे बारीक तांबूस किडे तिच्या मनगटावर चढले. पिवळं काहीच नव्हतं.

ती बादली घेऊन दोघं काठच्या ओल्या जंगलात आली. इथली बादली आयवोच्या मालकीच्या स्प्रूसच्या झाडांखाली होती, स्वच्छ. वरच तो पडला होता. पिवळे पंख, त्यांवर कुणी काजळाचं बोट टेकवत गेल्यासारखे ठिपके.

आयवोने आधी पतंगाकडे पाहिलं, मग झाडांकडे. ती विकून तो यंदा घरावर छप्पर घालणार होता. पतंग जंगलात निघाला म्हणजे इथली कुऱ्हाड बंद, दलदलीला मात्र काही नाही.

"फिरायला आलाय तो," तो हलकेच म्हणाला. "घर तिकडेच त्याचं. ठेव की त्याला घरी. दलदल वाचेल, माझं छप्पर होईल. कुणाचं वाईट झालं?"

कुणाचंच नाही. हेल्वेने पतंग उचललाही होता, हात घाणीच्या बादलीकडे वळलाही होता. बादलीच्या काठाशी येऊन तो थांबला: नोंदीत खोटी जागा लिहावी लागणार होती.

तिने पतंग जंगलातल्या नमुन्यांच्या डबीत ठेवला.

"झकास! आता पाऊस आला की पोरांच्या डोक्यावर तुझी डबी धरतो."

आयवो झाडाला टेकून उभा राहिला. मग दलदलीच्या बादलीपाशी उकिडवा बसला आणि बाही वर सारली.

"तळाशी पाहिलंस?"

"हातमोजे घाल, आयवो."

"त्यात बोटांना कळत नाही."

श्वास रोखून त्याने उघडा हात लगद्यात घातला. मूठभर काढून तळव्यावर पसरलं.

"हा? याला पिवळा म्हणशील?"

हेल्वे वाकली. दोघांची डोकी एकमेकांना लागली.

"नाही," ती म्हणाली. "अजून बघ."